म्या हाका मारल्या व्हत्या

मु. शूटिंगचा मुक्काम, भीमाशंकरच्या खाली, ता. आंबेगाव
१७ जानेवारी १९९४

सोपानकाकांना सूरजचा नमस्कार.

पत्राच्या वर काय काय लिहायचं ते गुरुजींनी शिकवलं होतं, पण आता आठवत नाही. राग मानू नका.

शूटिंगला आज नऊ दिवस झाले. आम्ही इथल्या शाळेत झोपतो. आपल्यापेक्षा इथे लई थंडी आहे. मला चार शेरडं दिली आहेत. त्यातलं एक माझ्याच मागे फिरतं. पहिल्या दिवशी मी एकसारखा कॅमेऱ्याकडे बघत होतो. डायरेक्टर सर म्हणाले, शेरडू बघ कसं बघत नाही, त्याच्याकडून शिक.

युनिटमधली माणसं मला विचारतात, तू एसटी स्टँडवर काय करत होतास? मी सांगतो, आमचे काका आळेफाट्याला कंट्रोलर आहेत. सुट्टीत मी आणि त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ भरत, केबिनमध्ये बसतो आणि काका डबा खात असले की आळीपाळीने माईकवर गाड्या पुकारतो. सर चहाला थांबले होते, त्यांनी खिडकीतून मला बघितलं. हे मी सगळ्यांना सांगितलं आहे. तुमचे साहेब तुम्हाला बोलणार नाहीत ना?

एक वाक्य मला जमत नाही. बिबट्या माझं शेरडू नेतो आणि मी घरी येतो. आई विचारते, हाक का मारली नाहीस. तेव्हा म्हणायचं, "आये, म्या हाका मारल्या व्हत्या. तुला ऐकू नाय आल्या." सर म्हणतात, तोंड बरोबर होतंय, पण आवाज रडका येतोय. रडायचं नाही, नुसतं सांगायचं. घरी भरतबरोबर म्हणायचो तेव्हा बरोबर यायचं. तो कसं म्हणायचा ते मला आठवत नाही.

आईला आणि दादांना सांगा मी दूध पितो.

तुमचा,
सूरज

*

आळेफाटा
२६ जानेवारी १९९४

चि. सूरज,

पत्र पोचलं. तुझ्या आईला वाचून दाखवलं. दुधाचा मजकूर तिने दोनदा वाचायला लावला.

साहेब मला बोलले. पण हसून बोलले, म्हणून तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी वाक्यं पाठ करताना भरत समोरच्याची वाक्यं वाचायचा. त्याला आता तुझीही पाठ झाली आहेत. दिवसभर तेच चालू असतं. काल संध्याकाळी कॉटवर उभा राहून तुझं ते वाक्य त्याने चुलीपाशी बसलेल्या तुझ्या काकूला सांगितलं. "आये, म्या हाका मारल्या व्हत्या. तुला ऐकू नाय आल्या." ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "ऐकू आल्या. बहिरी न्हाई मी. जेवाय ये."

त्याला विचारलं, सूरजला काय कळवू? म्हणाला, दादाला सांगा, आय लांब हाय असं समजून बोल, म्हंजी रडू येत न्हाई.

प्रकृतीस जप. मोठ्या माणसांच्या मध्ये बोलू नकोस.

तुझा काका,
सोपान

*

पुणे
११ सप्टेंबर १९९५

प्रिय काका,

मामांकडे राहून मला इथल्या शाळेत आता वर्ष झालं. नाटकाचा वर्ग रविवारी असतो.

आज एका कामासाठी लिहीत आहे. शूटिंगच्या वेळचा आवाज पिक्चरमध्ये वापरत नाहीत. नंतर स्टुडिओत पडद्याकडे बघून सगळं पुन्हा बोलावं लागतं. मधे दीड वर्ष गेलं आणि माझा आवाज फुटला. मागच्या महिन्यात मुंबईला गेलो, माईकसमोर उभा राहिलो आणि घोगरा आवाज आला. तिथली माणसं हसली. सरांनी दोन दिवस थांबून बघितलं. मग म्हणाले, तुझ्या घरातलं, तुझ्यासारखंच बोलणारं लहान कोणी आहे का? दादांनी भरतचं नाव सांगितलं.

काका, तो करेल ते चांगलंच आहे. पण गावात कोणाला कळू देऊ नका. इथे वर्गात सगळ्यांना माहीत आहे की मी पिक्चरमध्ये आहे. आवाज माझा नाही हे कळलं तर मला चिडवतील. भरतच्या पोटात काही राहत नाही. तुम्ही त्याला सांगा. तुमचं तो ऐकतो.

सूरज

*

आळेफाटा
१४ ऑक्टोबर १९९५

चि. सूरज,

आम्ही परवा मुंबईहून परत आलो. चार दिवसांत काम झालं. भरतला स्टुलावर उभं करत होते. तुझे ओठ हलले की तो बरोबर बोलायचा. सर म्हणाले, याने पोराच्या तोंडात जीव घातला. त्याला एक कंपासपेटी दिली. ती तो उशाशी घेऊन झोपतो.

तू लिहिलेलं ध्यानात आहे. त्याला समज दिली आहे. हे आपल्या घरातलं आहे, घरातच राहील. तू अभ्यास कर.

सोपान

*

पुणे
२ जुलै १९९६

प्रिय काका,

पिक्चरमधल्या कामाचं बक्षीस मिळाल्यापासून घरी रोज कोणीतरी येतं. पेपरातलं कात्रण पाठवतो. त्यात लिहिलं आहे की, या मुलाच्या आवाजातला जुन्नरी मातीचा साधेपणा विसरता येत नाही. मामांनी ते मोठ्याने वाचलं. मी पाणी प्यायला उठून गेलो.

गेल्या महिन्यात रविवारी टीव्हीवर पिक्चर लागला तेव्हा गावात सगळ्यांनी बघितला असं आई म्हणाली. भरतला मी दोन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. रागावला आहे का?

सूरज

*

आळेफाटा
१५ जुलै १९९६

चि. सूरज,

कात्रण मिळालं. तुझ्या वडिलांनी ते काचेत बसवलं आहे.

भरत रागावलेला नाही. त्याला लिहायचा कंटाळा आहे. मधे आठ-दहा दिवस शाळेत गेला नव्हता. मुलामुलांतली भांडणं, विशेष काही नाही. आता जातो. केबिनमध्ये मात्र येत नाही. मोठा झाला, लाज वाटत असेल.

सोपान

*

मुंबई
८ फेब्रुवारी २००४

प्रिय काका,

किती वर्षांनी लिहितोय, सुरुवात कुठून करावी कळत नाही. कॉलेजच्या नाटकांनंतर दोन वर्षं नुसत्या चकरा झाल्या. मालिकांत कधी शेजारी, कधी डॉक्टर, कधी गर्दीतला एक. 'लहानपणी बक्षीस मिळालेला' एवढीच ओळख सांगायला होती. तीसुद्धा सांगताना मी आवाज खाली करायचो. का ते तुम्हाला माहीत आहे.

आता रोजच्या मालिकेत मुख्य काम मिळालं आहे. रस्त्यात माणसं ओळखतात. परवा भाजीवालीने पिशवीत जास्तीची मेथी टाकली आणि म्हणाली, बायकोला त्रास देऊ नकोस. मालिकेतल्या बायकोबद्दल म्हणत होती.

भरत टोमॅटोची पिकअप चालवतो असं आईने सांगितलं. मला इथे विश्वासाचा ड्रायव्हर हवा आहे. तो आला तर मला बरं वाटेल. माझ्याच घरात राहील. त्याला विचारा.

तुमचा,
सूरज

*

आळेफाटा
२० फेब्रुवारी २००४

चि. सूरज,

तुझी मालिका स्टँडवरच्या कँटीनमध्ये लावतात. तेवढा वेळ कोणी गाडीची चौकशी करत नाही. आनंद आहे.

भरतला तुझा निरोप सांगितला. तो गाडी धूत होता. म्हणाला, "दादाला सांगा, मी बरा हाय. नारायणगावचं मार्केट सोडून मला कुटं जायचं न्हाई." नंतर बादली उचलताना म्हणाला, "त्याची गाडी चालवायला बोलावतोय व्हय?" हसला. मीही हसलो.

सोपान

*

आळेफाटा
२८ नोव्हेंबर २००७

सूरज,

तू दहाव्याला आलास. एवढ्या कामातून आलास, सगळ्यांनी नाव घेतलं. तुझ्याशी नीट बोलणं झालं नाही. पोरं फोटो काढायला तुझ्याभोवती होती आणि मला उठवत नव्हतं.

भरतची गाडी बायपासच्या वळणावर उलटली. पहाटे धुकं होतं. आणखी काही कळलं नाही आणि कळून उपयोग नाही. तेवीस वर्षांचा होता.

तुला फोन करून बघितला. दुसरं कोणीतरी उचलतं आणि काय काम आहे विचारतं. मला सांगता आलं नाही. म्हणून पत्र.

एक काम आहे. तुझा पहिला पिक्चर, लहानपणचा, शेरडांचा, त्याची सीडी कुठे मिळते का बघ. आळेफाट्याच्या आणि नारायणगावच्या दुकानांत विचारलं. त्यांना नावही माहीत नाही. मिळाली तर पाठव. घाई नाही.

सोपानकाका

*

मुंबई
११ डिसेंबर २००७

प्रिय काका,

सोबत माझ्या नंतरच्या तिन्ही पिक्चरच्या सीडी आणि मालिकेतल्या निवडक भागांचा संच पाठवत आहे. काकूंचं मन थोडं रमेल. फोटोवर तुम्हा दोघांसाठी सही केली आहे. तो पहिला पिक्चर फार जुना, आता कुठे मिळेल असं वाटत नाही. त्यातलं माझं काम तसं कच्चंच होतं.

भरतच्या नावाने काहीतरी करावं असं मनात आहे. यात्रेत बैलगाडा शर्यतीला त्याच्या नावाची ढाल ठेवू का? दरवर्षी पुकारा होईल. त्याचं नाव राहील.

माझ्याकडून दहाव्याला चार शब्द बोलायचे राहिले. माईक समोर आला होता. मी मान हलवून नाही म्हटलं. लोकांना वाटलं, दुःखामुळे.

सूरज

*

आळेफाटा
२३ डिसेंबर २००७

सूरज,

पार्सल मिळालं. फोटो तुझ्या काकूने देव्हाऱ्याच्या बाजूला ठेवला आहे. सीडी उघडल्या नाहीत. मी मागितलं होतं ते यात नाही. यात तुझी चूक नाही. मी कशाला मागतोय ते लिहिलं नव्हतं. लिहायला अकरा वर्षं उशीर झाला आहे, म्हणून आता सगळं लिहितो. मला सजवून लिहिता येत नाही.

तू म्हणतोस त्याचं नाव राहील. नाव राहीलच. कोणतं राहील, ते सांगायचं आहे.

दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं झाली. सावळाराम सरपंच बोलायला उठला ते तुझ्यासमोरच. म्हणाला, "पोरगं कष्टाळू, कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. आमी त्याला थापाड्या म्हनायचो, पन मनानं लई निर्मळ. आपला थापाड्या गेला." नदीकाठी बसलेली माणसं डोळे पुसत होती आणि थोडी हसतही होती. सावळारामच्या मनात वाईट नव्हतं. मी मान खाली घातली. वर बघितलं तेव्हा तूही खाली बघत होतास.

तो थापाड्या कसा झाला ते तुला माहीत नाही.

रविवारी पिक्चर टीव्हीवर लागला तेव्हा ग्रामपंचायतीत सगळी पोरं जमली होती. बारा वर्षांचं पोरगं. तुझं ते हाकांचं वाक्य आलं आणि सगळी गप्प झाली. तेव्हा त्याला राहवलं नाही. म्हणाला, ह्यो आवाज माझाय. पोरं हसली. जानकूने विचारलं, मग तोंड कुनाचं? हा म्हणाला, तोंड दादाचं, आवाज माझा. दुसऱ्या दिवशी शाळेत तेच. हौशीराम गुरुजी सरळ माणूस. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि भरल्या वर्गात विचारलं, "सोपानराव, पोरगं म्हणतंय पिक्चरमधला आवाज त्याचा. खरं काय ते सांगा, म्हणजे विषय मिटेल."

मी म्हणालो, "नाही. तो थापा मारतो."

एवढंच बोललो. भरत बाकावर उभा होता. माझ्याकडे बघत राहिला. मग जानकूने मागून नाव ठेवलं ते कायमचं.

असं का बोललो? आदल्या रात्री तुझी आई आमच्या दारात आली होती. म्हणाली, "भावजी, बक्षीस काढून घेतील. माज्या सूरजचं नाव जाईल." माझ्या खिशात तुझंही जुनं पत्र होतं. पण हे मी तुमच्यावर ढकलत नाही. तू तेरा वर्षांचा होतास. वहिनी आई होती. मी एकेचाळीस वर्षांचा, सरकारी गाड्यांच्या वेळा सांभाळणारा माणूस. मला वाटलं, भावाच्या घरात एक चांगली गोष्ट आली आहे, ती माझ्या पोराच्या तोंडामुळे मोडू नये. मला त्यात मोठेपणासुद्धा वाटला.

घरी येताना त्याने मला एकच विचारलं. "नाना, मग मी चार दिवस तितं काय केलं?"

त्याला तसाच खंडोबाच्या देवळात घेऊन गेलो आणि बेलभंडारा उचलायला लावला. पुन्हा हे कोणापाशी बोलणार नाही, अशी शपथ. आपल्याकडे मोठी माणसं बांधाच्या भांडणात भंडारा उचलतात. खरं सांगतोय म्हणून उचलतात. मी पोराला खरं न सांगण्यासाठी उचलायला लावला. असं गावात दुसऱ्या कोणी केल्याचं मला माहीत नाही. त्याच्या ओंजळीतून भंडारा सांडत होता. मी खालून हात धरला होता.

त्याने शपथ पाळली. तुला पत्र लिहिलं नाही, कारण तुला लिहिताना तेच आलं असतं. केबिनमध्ये आला नाही. माईक हातात धरला नाही. बैलगाड्याच्या घाटात एकदा शर्यत पुकारणारा आला नव्हता. पोरं म्हणाली, थापाड्या, तू बोल, तुझा आवाज बरा हाय. तो तिथून निघून आला.

मागच्या वर्षी ओतूरकडचं स्थळ आलं होतं. त्यांनी गावात चौकशी केली. कोणीतरी सहज सांगितलं, पोरगं चांगलं हाय, जरा थापाड्या हाय. त्यांनी नकार कळवला. मी त्याला म्हणालो, जाऊन खरं काय ते सांगू का? म्हणाला, "नाना, भंडारा उचललाय."

आता सीडी कशाला पाहिजे ते. घरात त्याचा एकही आवाज नाही. लग्नाची कॅसेट नाही, कशाची नाही. फोटो तीन आहेत. मोबाईल गाडीत गेला. माझ्या मुलाचा आवाज जगात एकाच ठिकाणी आहे आणि तो तुझ्या तोंडात आहे.

ढाल ठेवू नकोस.

सोपानकाका

*

मुंबई
१४ जानेवारी २००८

काका,

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसायचो.

मला भंडाऱ्याचं माहीत नव्हतं. आधी लिहिणार होतो की, मी कधीच कोणाला लपवायला सांगितलं नव्हतं. तसं लिहिलंही होतं. मग तुमच्या पत्रातली ओळ पुन्हा वाचली. खिशात माझं जुनं पत्र होतं म्हणता, म्हणजे मी लिहिलं असणार. मला ते आठवत नाही. माझ्या सोयीचं मी विसरलो.

पण बाकीचं मी विसरलो नव्हतो. मुलाखतीत तो पिक्चर निघाला की मी विषय बदलतो. लोक त्याला नम्रपणा म्हणतात. मधे एका मुलाने माझ्यासमोर ते वाक्य म्हणून दाखवलं आणि म्हणाला, सर, तुम्ही एकदा म्हणा ना. मी म्हणालो, घसा बसलाय. भरत रागावला आहे असं मी धरून चाललो होतो. तो रागावला आहे म्हटलं की, मला काही करावं लागत नव्हतं. ड्रायव्हर म्हणून बोलावलं ते चांगल्या मनाने बोलावलं होतं. आता ते पत्र तुमच्याकडे असेल तर फाडून टाका.

दहाव्याला सावळाराम बोलले तेव्हा मला ते नाव पहिल्यांदा कळलं. का पडलं ते लगेच समजलं. तेव्हाच उठायला हवं होतं. उठलो नाही.

सर गेले, पण त्यांच्या मुलीकडे पिक्चरची एक प्रत निघाली. तिची सीडी करून घेत आहे. चैत्रात यात्रेला गावाने माझा सत्कार ठेवला आहे. मी नाही म्हणणार होतो. आता येतो. सत्काराआधी देवळासमोर पिक्चर दाखवू आणि नंतर मी माईकवर सगळ्यांना सांगतो. पेपरवालेही येतील. माझं जे व्हायचं ते होऊ दे.

तुमची परवानगी असेल तरच.

सूरज

*

आळेफाटा
२९ जानेवारी २००८

सूरज,

परवानगी मागू नकोस. मी देणारा कोण?

ये.

पत्र फाडलेलं नाही. तुझी सगळी पत्रं आहेत. माझीही तुझ्याकडे असतील तर ठेव.

सोपानकाका

*

आळेफाटा
२४ एप्रिल २००८

सूरज,

यात्रेच्या दिवशी तुला गर्दीतून पोलिसांनी गाडीपर्यंत नेलं, त्यानंतरचं तुला माहीत नाही. ते कळवायला हवं.

आधी तू बोललास त्याबद्दल. तू चुकवलं नाहीस. पिक्चरमधला आवाज माझा नव्हता, भरतचा होता, तो थापाड्या नव्हता, असं स्पष्ट म्हणालास. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या आल्या. सावळारामने माईक घेतला आणि म्हणाला, "ह्याला म्हनत्यात मोठेपना. एवढा मोठा नट, पन गेलेल्या भावाला आपलं बक्षीस देऊन टाकलं." परत टाळ्या. तू "नाही, तसं नाही" म्हणत होतास, पण तोपर्यंत ढोल सुरू झाले आणि तुझ्या गळ्यात हार पडत होते. पेपरातही तसंच आलं आहे. कात्रण पाठवत नाही. तू बघितलंच असशील.

तुझी गाडी गेली. माणसं उठायला लागली. माझ्या शेजारी एक पावणं बसले होते, राजुरीकडचे. ते त्यांच्या पोराला म्हणाले, "खरं नसतंय रं, मायेपोटी बोलला. तोंड एकाचं अन् आवाज दुसऱ्याचा, असं कुटं असतंय व्हय?"

तेव्हा मी उठलो. तू जे सांगितलंस ते तुझं होतं. माझं सांगायचं बाकी होतं आणि ते दुसरा कोणी सांगू शकत नव्हता.

वीस वर्षं मी माईकवर बोललो, पण तिथे समोर काच असते. इथे माणसं होती. मला भाषण येत नाही. गाडी पुकारतात तसंच बोललो. म्हणालो, "सूरज बोलला ते खरं आहे. मुंबईला भरतला मी स्वतः घेऊन गेलो होतो, ऑक्टोबर पंच्याण्णव, चार दिवस. वर्गात गुरुजींनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. थाप पोराने मारली नाही. मी मारली. नंतर याच देवळात त्याला भंडारा उचलायला लावला. त्याने तो मरेपर्यंत पाळला. त्याला ठेवलेलं नाव माझं आहे. ते आता मला म्हणा."

कोणी टाळी वाजवली नाही. ढोलवाल्यांनीही हात थांबवले. म्हणजे ऐकलं असावं.

हौशीराम गुरुजी आता काठी घेऊन चालतात. ते व्यासपीठाखाली आले, टोपी काढली आणि म्हणाले, "मी त्याला बाकावर उभा केला होता, सोपानराव. दिवसभर." जानकू मागे उभा होता. जवळ आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराशी येऊन बसला. चहा दिला तो प्यायला नाही. म्हणाला, "नाना, आमी त्याला वीस वेळा म्हनायचो दिवसातनं. तो ओ द्यायचा." एवढं बोलून गेला.

सावळाराम मात्र अजून भेटलेला नाही. रस्त्यात दिसला तर बाजूने जातो. तुझे वडील तुला कळवतीलच, त्यांनीही बोलणं सोडलं आहे. ते म्हणतात, घरातलं चव्हाट्यावर नेलंस. काचेतलं कात्रण त्यांनी काढलेलं नाही. मीही काढा म्हणालो नाही.

पुजाऱ्याला विचारलं, उचललेला भंडारा परत ठेवता येतो का? म्हणाला, गेलेल्या माणसाची शपथ आपोआप सुटते. मी विचारलं, उचलायला लावणाऱ्याची? तो म्हणाला, ते मला माहीत नाही. खरं बोलला.

आता घरचं. तू दिलेली सीडी तुझ्या काकूने यात्रेच्या दिवशी बघितली नव्हती. देवळासमोर आलीच नाही. घरी बसली होती. मी लावायची का विचारलं तर म्हणायची, नको. काल दुपारी स्वतःहून म्हणाली, "लावा." मी लावली. ती टीव्हीकडे पाठ करून चुलीपाशी भाकऱ्या करत बसली. तुझ्या कामाचा अपमान समजू नकोस. तिला तोंड बघायचं नव्हतं.

तासभर पिक्चर चालू होता. भाकरी थापण्याचा आवाज येत होता. बिबट्याचा प्रसंग गेला. मग ते वाक्य आलं. "आये, म्या हाका मारल्या व्हत्या. तुला ऐकू नाय आल्या."

ती वळली नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि पूर्वी म्हणाली होती तसंच म्हणाली, "ऐकू आल्या. जेवाय ये."

मी उंबऱ्यात उभा होतो. मलाही ऐकू आल्या. तेव्हाही आल्या होत्या.

सोपानकाका